पहिला ट्रॅव्हल ट्रेलर घेताय? आधी गाडीच्या दारावरचा स्टिकर वाचा

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांतून एकच फोन आला, "आम्हीपण ट्रेलर घ्यायचा म्हणतोय, सुरुवात कुठून करू?" दर वेळी तास-दीड तास बोलणं होतं आणि फोन ठेवल्यावर आठवतं की अरे हे सांगायचं राहिलंच, म्हणून आता बसून सगळं लिहून काढतेय. आम्ही न्यू जर्सीत राहतो, आम्ही दोघं, दोन मुलं, आणि उन्हाळ्यात आळीपाळीने माझे नाहीतर नवऱ्याचे आईबाबा. ट्रेलर घेतला तो खरं तर त्यांच्यासाठीच. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास, बाहेरचं खाणं दोन दिवसांच्या वर चालत नाही, मोटेलच्या पलंगावर झोप लागत नाही. पण स्वतःचं अंथरूण, स्वतःचं टॉयलेट आणि सकाळी स्वतःच्या हातचा आल्याचा चहा एवढं असलं की त्या कितीही लांब यायला तयार असतात.

मी लिहितेय ते अमेरिकेतलं, कॅनडातल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटं घर, गाडीच्या मागच्या हिचच्या, म्हणजे जोडणीच्या, बॉलला जोडून ओढतात तो. इंजिनवाला मोटरहोम वेगळा आणि पिकअपच्या हौद्यात हिच बसवून ओढतात तो फिफ्थ व्हील वेगळा.

आधी दोन गोष्टी, पैसे खर्च करायच्या आत

पहिली म्हणजे एक वीकेंड भाड्याने घेऊन बघा. आउटडोर्झी, आरव्हीशेअर अशा साइटवर लोक स्वतःचे ट्रेलर भाड्याने देतात आणि काही मालक तर कॅम्पग्राउंडवर आणून लावूनही देतात, म्हणजे तुम्हाला ओढायची गरजच नाही. दोन रात्री राहिलात की घरातल्या सगळ्यांना कळतं की एवढ्याशा जागेत आपलं जमतं का, पाऊस लागला तर मुलं काय करतात, रात्री टॉयलेटला उठलं की किती जण जागे होतात. ब्रोशर वाचून हे कळत नाही.

दुसरी, ट्रेलर ठेवणार कुठे. आपल्यातले बरेच जण टाउनहाउसच्या कॉलनीत राहतात आणि एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) नियमात ड्राइव्हवेत ट्रेलर उभा करायला सरळ बंदी असते. मग स्टोरेज यार्डात दरमहा भाडं भरा. ते भाडं, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन असं सगळं धरून वर्षाचा आकडा काढा आणि मगच ठरवा. इन्शुरन्सचं एजंटला विचारून घ्या, ओढताना गाडीची लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई, साधारणपणे ट्रेलरलाही लागू होते पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान त्यात येत नाही, त्याला वेगळी पॉलिसी लागते.

वजन, वजन आणि वजन

या लेखातलं एकच काही वाचणार असाल तर हे वाचा.

आम्ही पहिला ट्रेलर घेतला तेव्हा आमच्याकडे तीन रांगांची एसयूव्ही होती, टोइंग कपॅसिटी, म्हणजे मागे जास्तीत जास्त किती वजन ओढता येतं ते, ५,००० पाउंड. डीलरकडच्या माणसाने ट्रेलरचं वजन ४,३०० पाउंड सांगितलं, म्हणाला तुमची गाडी सहज ओढेल, आणि आम्ही विश्वास ठेवला. पहिल्याच लांबच्या ट्रिपला पेनसिल्व्हेनियात आय-७८ वर शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि मागचा ट्रेलर झोके खायला लागला, डावीकडे उजवीकडे, आणि त्याच्याबरोबर आमची गाडीपण. मागच्या सीटवर दोन मुलं आणि माझी आई. नवऱ्याने ब्रेक न मारता हळूहळू वेग कमी केला म्हणून निभावलं. पुढच्या एक्झिटला उतरून आम्ही अर्धा तास नुसते बसून होतो, कोणी काही बोलेना. त्यानंतर मी हे गणित शिकले, आणि ते शिकल्याशिवाय कोणी ट्रेलर घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तर डीलरने सांगितलेले ४,३०० हे ड्राय वेट होतं, म्हणजे कारखान्यातून निघतानाचं रिकामं वजन, त्यात पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत, अंथरुणं नाहीत आणि बऱ्याचदा बॅटरीसुद्धा धरलेली नसते. या आकड्यावर कधीही गणित करू नका. बघायचा आकडा म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ट्रेलर जास्तीत जास्त किती वजनाचा होऊ शकतो तो, ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे स्टिकरवर छापलेला असतो. आमचा भरलेला ट्रेलर प्रत्यक्षात ५,४०० पाउंडांचा निघाला.

आता टंग वेट. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर जो भार टाकतो तो. ट्रॅव्हल ट्रेलरला हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, कमी असला की ट्रेलर झोके खातो आणि जास्त झाला की गाडीचं मागचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. ५,४०० चे १३ टक्के धरले तर ७०० पाउंड झाले. हे ७०० तुमच्या गाडीच्या अंगावर बसतात, म्हणजे गाडीच्या पेलोडमधून वजा होतात, आणि पेलोड म्हणजे माणसं, सामान, हिच सगळं मिळून गाडी किती वजन वाहू शकते ते. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल, त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये असं लिहिलेलं असतं. तो आकडा तुमच्याच गाडीचा, जाहिरातीतल्या गाडीचा नाही. आमचा होता १,३५०. आता बेरीज बघा, टंग वेट ७००, हिच ९०, पाच माणसं ६५०, डिकीतलं सामान १००, झाले १,५४०. म्हणजे टोइंग कपॅसिटी जाहिरातीत ५,००० असली तरी आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीच भरलेली होती, आणि ट्रेलर त्या ५,००० च्याही वर गेला होता ते वेगळंच. शिवाय अशा गाड्यांच्या हिचला टंग वेटची स्वतःची मर्यादा असते, बऱ्याचदा ५०० पाउंडच, ती मॅन्युअलमध्ये सापडते.

इथे आपल्या लोकांकडे घरोघरी सिएना नाहीतर ओडिसी मिनीव्हॅन असते, त्यांची ओढायची मर्यादा ३,५०० पाउंड. त्याच्यामागे छोटा पॉपअप (वर उघडून तंबूसारखा होणारा) किंवा टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा, झोपण्यापुरता) छान जातो, दोघांना किंवा लहान मुलं असलेल्यांना पुरतो. पण बंक बेडवाला, टॉयलेट-बाथरूमवाला २५-२६ फुटी ट्रेलर हवा असेल तर पूर्ण मापाचा पिकअप किंवा मोठी ट्रक-बेस्ड (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली) एसयूव्ही लागणार. आम्ही शेवटी वापरलेला फोर्ड एफ-१५० पिकअप घेतला, १,७०० च्या आसपास पेलोडवाला. त्यातही एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचं पेलोड वेगळं असतं, जितकी फीचर्स जास्त तितकं पेलोड कमी, तेव्हा घेताना लॉटमधल्या त्या विशिष्ट गाडीचं दार उघडून स्टिकर वाचायचा.

आणि भरल्यावर खरं वजन करा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपना कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, ट्रकवाल्यांच्या रांगेतच जायचं, थोड्या डॉलरांत काम होतं. एकदा ट्रेलरसकट आणि एकदा ट्रेलर बाजूला पार्क करून नुसती गाडी, दोन्ही वेळच्या गाडीच्या ॲक्सलवरच्या आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं टंग वेट. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (भार सगळ्या चाकांवर वाटून देणारी) असेल तर हे माप घेताना त्याचे बार लावायचे नाहीत, नाहीतर थोडं वजन ट्रेलरच्या चाकांवर जातं आणि आकडा कमी दिसतो.

निवडताना

अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या भागात बनतात, वेगवेगळ्या नावांचे ट्रेलर आतून पुष्कळसे सारखेच असतात, त्याच कंपन्यांचे फ्रिज, तेच ॲक्सल. त्यामुळे ब्रँडच्या वादात वेळ घालवण्यापेक्षा समोरचा ट्रेलर किती निगुतीने ठेवलाय ते बघा. पहिला ट्रेलर वापरलेलाच घ्या असं माझं मत. नव्याची किंमत शोरूममधून बाहेर पडताच घसरते, आणि पहिल्या वर्षी जे ढिले स्क्रू, गळके नळ निघतात ते आधीच्या मालकाने निस्तरलेले असतात. डीलर पंधरा-पंधरा वर्षांचं लोन देतात, तेवढ्या वर्षांत व्याज किती होतं ते एकदा कागदावर मांडा.

वापरलेल्यात सगळ्यात मोठा शत्रू पाणी. छताच्या सांध्यांतून पाणी झिरपतं आणि भिंतीतलं लाकूड आतल्या आत कुजतं, बाहेरून कळतही नाही. आत शिरल्या शिरल्या वास घ्या, बंद घरासारखा कुबट वास आला की सावध. कपाटांच्या आत, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, पलंगाखाली टॉर्च मारून डाग बघा. जमिनीवर टाच दाबत सगळीकडे चाला, टॉयलेटजवळ आणि दाराजवळ खास, कुठे स्पंजसारखं लागलं तर तिथूनच परत फिरा. बाहेर भिंतीला तिरप्या नजरेने बघा, फुगे आल्यासारखं दिसलं तर फायबरग्लास सुटलंय. आणि शिडी लावून छप्पर बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. घेतल्यावरही दर दोन-तीन महिन्यांनी वर चढून सीलंटला भेगा पडल्यात का ते बघायचं, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगकडे आपण पावसाळ्याआधी बघतो तसंच.

टायरवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजायच्या आधीच म्हातारे होतात, पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली दिसो, बदला.

आईबाबा येणार असतील तर प्लॅन त्यांच्या नजरेने बघा. पलंगाच्या तिन्ही बाजूंनी चालायला जागा आहे का, की आतल्या बाजूला झोपणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावरून उतरावं लागतं? पायऱ्या हलतात का, दाराशी धरायला भक्कम दांडा आहे का? सासूबाईंना मी डीलरकडे घेऊन गेले होते आणि त्यांना टॉयलेटमध्ये दार लावून बसून बघायला सांगितलं, त्यामुळे दोन मॉडेल तिथल्या तिथेच बाद झाली. हेही आधीच सांगून ठेवा की ट्रेलर चालू असताना आत कोणी बसायचं नाही, आडवं पडायला म्हणूनसुद्धा नाही. आत सीट बेल्ट नसतात आणि बऱ्याच राज्यांत कायद्यानेही मनाई आहे.

ताबा घेताना निदान तीन-चार तास काढून जा. डीलरला सांगायचं की पाणी, वीज आणि गॅस तिन्ही जोडून द्या, मग प्रत्येक नळ सोडा, गॅसचा प्रत्येक बर्नर पेटवा, फर्नेस, एसी, गरम पाणी, फ्रिज, स्लाइडआउट (भिंतीतून बाहेर सरकणारा भाग) आत-बाहेर, सगळं स्वतः चालवून बघा, आणि त्यांचा माणूस समजावत असताना फोनवर व्हिडिओ काढा. जे चालत नाही ते दुरुस्त होईपर्यंत सही नाही. "नंतर आणा, करून देतो" याला हो म्हणालात की ट्रेलर ऐन सीझनमध्ये त्यांच्या यार्डात अडकून पडतो.

जोडायची क्रमवारी

हे दर वेळी याच क्रमाने, कागदावर छापून, आणि जोडणाऱ्याशी त्या वेळात कोणी बोलायचं नाही. आमच्याकडे मुलांनाही हा नियम पाठ आहे.

१. कपलरवर, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला बॉलवर बसतो त्या भागावर, बॉलचं माप कोरलेलं असतं, २ इंच किंवा २ ५/१६ इंच. तुमचा बॉल अगदी त्याच मापाचा हवा.
२. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चॉक लावलेले आहेत ना बघा, एसटीच्या चाकाला दगड लावतात तसे.
३. गाडी मागे घेऊन बॉल कपलरच्या बरोबर खाली आणा, जॅकने ट्रेलर खाली सोडा, लॅच लावा, पिन घाला.
४. आता जॅकने ट्रेलर थोडा परत वर उचला. गाडीचा मागचा भागही त्याच्यासोबत उचलला गेला तर लॅच नीट बसलीय. ही परीक्षा कधीच चुकवू नका.
५. वेट डिस्ट्रिब्युशन हिच असेल तर त्याचे बार लावा. हे मागचा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देतं, झोक्यांना आवर घालायची सोय असलेलंच घ्या. पण त्याने पेलोड वाढत नाही.
६. सेफ्टी चेन दांड्याखाली एकमेकींवर फुली करून. दांडा सुटलाच तर त्या फुलीत झेलला जातो.
७. ब्रेकअवे केबल गाडीच्या फ्रेमलाच, चेनला नाही. ट्रेलर सुटला तर ही केबल खेचली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.
८. सात पिनचा प्लग, मग एकाने मागे उभं राहून ब्रेक लाइट आणि इंडिकेटर बघायचे.
९. जॅक पूर्ण वर, चॉक सगळ्यात शेवटी काढा.
१०. निघाल्यावर चालण्याच्या वेगात असताना ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावायचं उपकरण) हाताने दाबा, ट्रेलरने गाडीला मागे ओढल्यासारखं वाटलं पाहिजे.

ब्रेक कंट्रोलर नसलेल्या गाडीने एवढा ट्रेलर ओढायचाच नाही. वजन भरताना जड सामान ॲक्सलच्या थोडं पुढे, मागच्या बंपरला सायकली लटकवून नका जाऊ. पाण्याची टाकी ४० गॅलनची असली तर भरल्यावर ३३० पाउंड होते, कॅम्पग्राउंडवर पाणी मिळणार असेल तर रिकामीच न्या.

रस्त्यावर

वेग ६० ते ६२ मैल. ट्रेलरच्या पुष्कळ टायरची मर्यादाच ६५ असते. उजव्या लेनमध्ये निवांत राहा, मागच्याला घाई असेल तर तो जाईल. गाडीचा टो-हॉल मोड (ओढताना गिअर त्याप्रमाणे बदलणारी सेटिंग) लावा. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहिलात तर ते तापतात, गिअर खाली आणा. माझे बाबा आयुष्यभर खंबाटकीतून ये-जा करायचे, ते म्हणतात ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि हे ॲपेलेशियनच्या डोंगरात शंभर टक्के खरं आहे. झोके सुरू झालेच तर गाडीचा ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक दाबायचे.

मायलेज साधारण निम्मं होतं. पेट्रोल पंप आधीच हेरून ठेवा, आत शिरायला आणि वळून बाहेर पडायला जागा असलेला. ट्रेलरची उंची एसीच्या टोकापर्यंत स्वतः टेपने मोजा आणि डॅशबोर्डवर चिकटवा. साध्या मॅपला ट्रेलर कळत नाही. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर आणि कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरला बंदी आहे, तिथले पूल फार बुटके आहेत, आणि मॅप मात्र सरळ तिकडेच पाठवतो. आपण साउथला जाताना बाल्टिमोर लागतं, तिथल्या फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांतून १० पाउंडांपेक्षा मोठा प्रोपेन सिलिंडर नेता येत नाही आणि ट्रेलरवरचे सिलिंडर असतात २० किंवा ३० पाउंडांचे. पूर्वी लोक बाल्टिमोरच्या की ब्रिज या पुलावरून जायचे, तो मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून पडला, तेव्हापासून शहराभोवतीच्या ६९५ हायवेने शहराच्या पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. वेळ लागतो, पण तोच रस्ता धरा.

रिव्हर्स शिकायला रविवारी सकाळी शाळेचं किंवा मॉलचं रिकामं पार्किंग गाठा. हात स्टिअरिंगच्या अगदी खालच्या टोकाला ठेवायचा, मग ट्रेलरचं बूड ज्या बाजूला जायला हवं त्याच बाजूला हात न्यायचा. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. वेग मुंगीचा, वळवणं थोडं थोडं, आणि बिघडलं की सरळ पुढे घेऊन पुन्हा. मागे उभ्या असलेल्याने ओरडून सांगण्यापेक्षा दोघांनी फोन स्पीकरवर ठेवा, आणि "डावीकडे" म्हणजे ड्रायव्हरची बाजू हे आधीच ठरवून घ्या. शंका आली की उतरून बघा, दहा वेळा उतरावं लागलं तरी उतरा. पहिल्या दोन-तीन ट्रिपना पुल-थ्रू साइट बुक करा, सरळ शिरायचं आणि सरळ निघायचं.

साइटवर पोचल्यावर

गाडीपासून सोडवायच्या आधी आडवं लेव्हल करून घ्या, जी बाजू खाली असेल त्या चाकाखाली प्लास्टिकचे लेव्हलिंग ब्लॉक ठेवून त्यावर चढवा. मग चॉक, मग गाडी सोडवा, मग जॅकने पुढे-मागे लेव्हल, आणि शेवटी कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर. हे स्टॅबिलायझर हलणं थांबवायला असतात, त्यांनी ट्रेलर उचलायला गेलात तर वाकतात. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल तर लेव्हल फार महत्त्वाची, वाकड्यात तो नीट थंड करत नाही आणि बिघडतोही.

विजेच्या खांबावर आधी ब्रेकर बंद करा, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या चढउतारापासून ट्रेलरला वाचवणारं उपकरण) लावा, मग केबल, मग ब्रेकर चालू. चांगल्यापैकी प्रोटेक्टर घ्या, जो व्होल्टेज १०४ च्या खाली गेल्यावर वीज तोडतो. जुलैच्या दुपारी सगळ्यांचे एसी चालू असतात तेव्हा व्होल्टेज खरंच एवढं पडतं आणि एसीचा कॉम्प्रेसर जळतो. ३० ॲम्पच्या ट्रेलरला एकूण ३,६०० वॉट मिळतात. एसी चालू, गरम पाणी विजेवर आणि वर मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. गरम पाणी गॅसवर टाका, प्रश्न मिटतो. पण हीटरमध्ये पाणी भरल्याची खात्री केल्याशिवाय त्याचं विजेचं बटन दाबू नका, रिकाम्या टाकीत एलिमेंट क्षणात जळतं. आणि भारतातून आणलेला मिक्सर इथे चालणार नाही, चटण्या घरून वाटून आणा.

पाण्याला पांढरा किंवा निळा पिण्याच्या पाण्याचा पाइप, आणि नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर. काही कॅम्पग्राउंडवर प्रेशर एवढं असतं की ट्रेलरच्या आतले जॉइंट सुटतात.

आता टाक्यांचं, ज्याची सगळ्यांना धास्ती असते. ग्रे टाकीत सिंक आणि शॉवरचं पाणी, ब्लॅक टाकीत टॉयलेटचं. फुल हुकअप साइटवर, म्हणजे जिथे पाणी, वीज आणि सीवर तिन्ही जोडता येतात तिथे, सीवरचा पाइप जोडलेला असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा ठेवलात तर पाणी वाहून जातं, घट्ट ते तळाशी राहतं, वाळून दगड होतं आणि मग निघत नाही. टॉयलेटमध्ये पाणी सढळ हाताने सोडा, टॉयलेट पेपर लवकर विरघळणारा वापरा. टाकी निदान दोन-तृतीयांश भरली की हातमोजे घालून आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. दहा मिनिटांचं काम आहे. हे पाइप-हातमोजे आणि पिण्याचा पाइप कधीही एका डब्यात ठेवायचे नाहीत.

आपला स्वयंपाक

ग्रे टाकी साधारण ३० गॅलनची असते आणि आपल्या भांड्यांना पाणी भरपूर लागतं. आमटीचं, भाजीचं भांडं आधी पेपर टॉवेलने पुसून काढा, तेल आणि डाळ टाकीत गेली की दोन दिवसांत वास मारते. हुकअप नसेल तिथे बादलीत पाणी घेऊन तांब्याने आंघोळ, सासरे लातूरकडचे आहेत, त्यांनी मुलांना अर्ध्या बादलीत आंघोळ शिकवली ती आता सगळ्या घराला येते. फोडणी मात्र बाहेर. ट्रेलरच्या आत मिरची-हिंगाचा धूर झाला की स्मोक अलार्म बोंबलतो, आणि पडद्या-गाद्यांतला वास महिनाभर जात नाही. बाहेरच्या टेबलावर छोटी गॅस शेगडी, तिच्यावर पोहे, पिठलं, थालीपीठ. अलार्म कधीही काढून ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइड आणि गॅस डिटेक्टरवर संपायची तारीख असते ती बघा. अस्वलांच्या भागात टेबलावर चिवड्याची पिशवीसुद्धा राहता कामा नये.

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. लाकडातून किडे पसरतात, आणि आपल्याकडे स्पॉटेड लँटर्नफ्लाय आहे, २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा दिसला आणि आता सगळीकडे झालाय. त्याची अंडी चिखलाच्या थरासारखी दिसतात, निघायच्या आधी ट्रेलरच्या खाली आणि चाकांजवळ बघून खरवडून टाका.

पहिली ट्रिप कुठे? घरापासून फार लांब नाही, दोन रात्री, फुल हुकअप. पेनसिल्व्हेनियातलं पोकोनोज किंवा लँकेस्टर. काही विसरलं, काही मोडलं तर घरी परत येता येतं. व्हर्जिनियातलं शेननडोआ नॅशनल पार्क सगळ्यांना हवं असतं आणि जायलाच हवं, पण तिथल्या कॅम्पग्राउंडना हुकअप नाहीत, रात्री एसी नाही, म्हणून ते तिसऱ्या-चौथ्या ट्रिपला. तिथल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावर मेरीज रॉकचा बोगदा १२ फूट ८ इंचांचा आहे, तुमची मोजलेली उंची इथे कामाला येते. नॅशनल पार्कचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर पुष्कळ ठिकाणी सहा महिने आधी सुरू होतं, आईबाबांचं तिकीट काढलं की त्याच आठवड्यात हेपण करा, आणि साइट किती फुटांची आहे ते वाचा.

ऑक्टोबर संपायच्या आत, पाणी गोठायला लागायच्या आधी, विंटराइझ करायचं. सगळ्या टाक्या आणि वॉटर हीटर रिकामा, हीटरचा बायपास लावायचा (म्हणजे पाणी हीटरला वगळून जातं), मग गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (ट्रेलरच्या पाइपांसाठीचं न गोठणारं द्रव) पंपाने ओढून प्रत्येक नळातून, शॉवरमधून, टॉयलेटमधून गुलाबी पाणी येईपर्यंत सोडायचं. गाडीचं हिरवं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते चुकूनही नाही. एक नळ जरी राहिला, बाहेरचा शॉवर हमखास राहतो, तरी वसंतात तिथला पाइप फुटलेला सापडतो. एप्रिलमध्ये सगळं धुऊन काढून टाकीत दर १५ गॅलनला पाव कप साधा ब्लीच घालायचा, प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत सोडायचं, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी वास जाईपर्यंत दोन-तीनदा टाकी भरून रिकामी करायची. त्यानंतर त्या नळाच्या पाण्याचा पहिला चहा आमच्याकडे ड्राइव्हवेतच होतो.